कच्चा ओटा

नाना कुणाच्याही घरी कामाला गेले की पाणी दोनदा मागायचे. पहिलं दारात टेकल्या टेकल्या, आणि दुसरं अर्ध्या-पाऊण तासानं, घरातली बाई आपल्या कामाला लागल्यावर. पहिलं पाणी पाहुण्याचं असतं, ट्रेमधून येतं. दुसऱ्या वेळी मात्र बाई हातातलं टाकून रोज जशी उठते तशीच उठते. ती कुठून वळते, माठापर्यंत किती पावलं टाकते, वाकताना कशाला हात टेकवते, हे सगळं नाना चष्म्याच्या वरून बघत असायचे. माझ्या घरी त्यांनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला शुगर असावी.

ते दोंडाईच्याच्या पुढच्या एका खेड्यातले गवंडी. पण घरं बांधायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. जुन्या घरांमधली लहान, अंधारी स्वयंपाकघरं तोडून नीट करून द्यायची, एवढंच काम ते घ्यायचे. मोबाइल त्यांनी शेवटपर्यंत ठेवला नाही. गावातल्या किराणा दुकानात फोन करून निरोप सांगायचा आणि वाट बघायची. आले तर आठवड्याभरानं, न कळवता, सकाळच्या एसटीनं येऊन दारात उभे. काखेतल्या पिशवीत थापी, ओळंबा, पातळी बघायची पाण्याची नळी आणि खडूचे तुकडे. टेप भिंतींसाठी असायचा. ओट्याची उंची ठरवायला ते बाईला भिंतीशी उभं करायचे, कणीक मळतेयस असे हात धर म्हणायचे, आणि तिच्या कोपराच्या खाली चार बोटांवर खडूची रेघ मारायचे.

आणि मग विटा. नानांच्या कामाची सगळी गंमत, आणि सगळा वैताग, या विटांमध्ये होता. ते एकदम ओटा बांधायचेच नाहीत. आधी नुसत्या कोरड्या विटा एकावर एक रचून, वर फरशीचा जुना तुकडा टाकून कच्चा ओटा मांडायचे. त्यावर शेगडी ठेवायची आणि घरच्या बाईनं आठ दिवस त्यावर रोजचा स्वयंपाक करायचा. नाना कोपऱ्यात बसून बघणार. संध्याकाळी दोन विटा इकडच्या तिकडे करणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणी घाई केली की म्हणायचे, "पहिले इटा, मंग शिमिट. इट हालस. शिमिट नही हालत."

या आठ दिवसांत ते त्याच ओट्यावरचं जेवायचे. बाहेरचा चहासुद्धा नाही. ओटा बरोबर आहे की नाही ते भाजीवरून कळतं, असं त्यांचं म्हणणं. बाईचा जीव ओढला गेला की फोडणी करपते.

लोक त्यांच्यावर चिडायचेही भरपूर. नशिराबादच्या एका घरी नाना दुपारी जरा पडले असताना मालकानं प्लंबर बोलावून नळाची जागा बदलून घेतली. नाना उठले, नळाकडे बघितलं, पिशवी उचलली आणि चालू पडले. तीन दिवस परतले नाहीत. त्या घरच्यांनी तीन दिवस ओसरीत स्टोव्ह पेटवून स्वयंपाक केला आणि नानांना शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी ते आले, नळ पुन्हा होता तिथं लावला आणि काही घडलंच नाही अशा थाटात कामाला लागले.

फैजपूरचा किस्सा तर आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पुष्कळदा सांगितला गेलाय. माझ्या एका धुळ्याच्या सहकाऱ्याचे मेहुणे तिथले केळीचे बागायतदार. स्वयंपाकघराला एकही खिडकी नाही, आणि त्या दिशेला खिडकी चालत नाही असं त्यांना कुणीतरी वास्तूवाल्यानं सांगितलेलं. नानांनी वाद घातला नाही. म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ द्या. फक्त फळी कोठे ठोकू ते दाखाडाले जरा आत या." मालक आत आले. नानांनी घरच्या वहिनींना ठेच्यासाठी मिरच्या भाजायला सांगितल्या आणि मालकांना एकेक प्रश्न विचारत बसले. फळी इतकी लांब की तितकी? डबे पितळी की स्टीलचे? मिरच्यांचा झणझणीत खाट उठला, घर धुरानं भरलं. नानांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ते जागचे हलले नाहीत. मालक खोकत खोकत अंगणात पळाले आणि तिथूनच ओरडले, "पाडा, पाडा भिंत!" नाना म्हणाले, "धूर जिकडे जास, ती दिशा खरी."

याच सहकाऱ्यानं मला नानांचं नाव सुचवलं. वर ताकीदही दिली होती, "सर, त्यांच्याशी शहाणपणा करू नका."

मी तो केलाच. पहिल्याच दिवशी मोबाइलवर मॉड्युलर किचनचे फोटो दाखवले. पांढरे शुभ्र ओटे, काचेची कपाटं. नानांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिलं.

"त्या घरमा भाकर करतस का?"

"करत असतील की."

"मंग एक बी ताट वाळत पडेल दिखत नही," असं म्हणून त्यांनी मोबाइल परत दिला आणि विचारलं, "घरमा सैपाक कोन करस?"

"सध्या माझी बायको."

"आन् पहिले?"

"आई. पण ती आता काही करत नाही."

"कोठे शे ती?"

आई आतल्या खोलीत होती, भिंतीकडे तोंड करून. त्या पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात निकामी झाला, उजवा पाय ओढत चालायची. बोलणं तर फारच अवघड झालं होतं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच मोडायचा. डॉक्टरांनी व्यायाम दिले होते, माणसांत बसवा म्हणाले होते. आई कुणाकडे बघायलाच तयार नव्हती. जेवणसुद्धा दोन घासांवर आलं होतं.

आमचं घर जळगावच्या जुन्या वस्तीतलं, एकामागोमाग चार खोल्यांचं. स्वयंपाकघर सगळ्यात मागं, आठ बाय नऊचं. मी ठरवलं, आता हे वैशालीच्या ताब्यात आलंय तर तिला ते नव्या पद्धतीचं करून द्यावं. वैशाली बँकेत जाते, सकाळी तिची धावपळ होते. ती मात्र म्हणाली, "आई घरात असताना त्यांचं स्वयंपाकघर तोडायचं?" आणि मी म्हणालो, "आई आता कुठं परत ओट्याशी उभी राहणार आहे?" मधे एकच भिंत होती आणि मी आवाज काही कमी केला नव्हता. आईनं ते ऐकलं असणार. ही गोष्ट मला अजून टोचते.

नानांनी स्वयंपाकघर पाहिलं. भिंती थापटल्या, मोरीचा उतार पाहिला. मग खाली बसून ओट्याखाली हात घातला आणि एक पाट बाहेर ओढला. तो उजेडात नेऊन तिरका धरला. लाकडावर शेजारी शेजारी दोन खोलगट जागा झाल्या होत्या, गुळगुळीत.

"यावर कोन उभं ऱ्हास?"

"उभं?" मी हसलो. "नाना, तो बसायचा पाट आहे."

वैशाली माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई त्यावर उभ्या राहून स्वयंपाक करायच्या. ओटा उंच पडायचा त्यांना."

"कधीपासून?"

"माझं लग्न झालं तेव्हापासून तरी मी बघतेय."

मला नोकरी लागली तेव्हा पहिलं काम मी केलं ते म्हणजे आईला उभा ओटा करून दिला. तोपर्यंत ती खाली बसून स्वयंपाक करायची, तिचे गुडघे दुखायचे. गवंड्यानं उंची विचारली तेव्हा आई बाहेर गेली होती. मी स्वतः उभा राहिलो आणि त्यानं माझ्या कमरेशी खूण केली. आई माझ्या खांद्याच्याही खाली येते. पण तिनं गल्लीभर सांगितलं, माझ्या लेकानं मला ओटा करून दिला. आणि त्यानंतरची वीस-बावीस वर्षं ती पाटावर चढून भाकरी थापत राहिली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. थेंबाथेंबाची मापं पोरांना शिकवतो.

"बठ्ठा ओटा तुम्हना मापना शे, मास्तर," नाना म्हणाले. आवाजात ठपका नव्हता. भिंतीची लांबी सांगावी तसं सांगितलं.

मग ते आईच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. "बहीन," म्हणाले, "तुन्हा ओटा तोडनार शेत. नवा कसा पाहिजे?"

आई वळली नाही. नाना बसून राहिले. मी दोनदा खुणेनं त्यांना बाहेर बोलावलं. त्यांनी मला कॉलेजात जायला सांगितलं. संध्याकाळी आलो तर तिथंच बसलेले, आणि आई छताकडे बघत होती. म्हणजे तोंड भिंतीकडून वळलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नानांनी पुन्हा तेच विचारलं. आईचे ओठ हलले. "ख... ख..."

मी पुढं झालो. "खिडकी? आई, खिडकी पाहिजे?"

नाना माझ्यावर खेकसले. "तिना शब्द तुम्ही काब्र बोलतस? बोलू द्या तिले."

आम्ही थांबलो. किती वेळ ते सांगता येत नाही, पण एवढ्या वेळात मी वर्गात दोन समीकरणं सोडवली असती. आईचा चेहरा लाल झाला आणि शब्द आला. "खाले."

खाली. तिला खाली बसून करायचा ओटा हवा होता. म्हणजे तिला तो हवा होता.

मागच्या अंगणात, पत्र्याखाली, नानांनी विटा रचल्या. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मांडीला लागेल एवढी उंची. दोघांनी धरून आईला आणलं. पहिल्या दिवशी नुसता चहा. शेगडीचं बटण दाबून फिरवायला डावा हात उलटा पडत होता, म्हणून नानांनी शेगडी उजवीकडून डावीकडे नेली आणि पुन्हा थोडी मागं सरकवली. कांदा एका हातानं धरून त्याच हातानं कापणार कसा? एका फळीतून त्यांनी दोन खिळे वर काढले. त्यांवर कांदा टोचायचा, म्हणजे हलत नाही. आई हे सगळं कपाळाला आठ्या घालून करत होती. बोलत नव्हती, पण दुपारी पलंगावर न्यायला गेलो तर हात झटकायची.

चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं पिठाच्या डब्याकडे बोट दाखवलं. वैशालीनं परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं. आई डाव्या हातानं मळायला लागली, पण धरायला दुसरा हात नाही, त्यामुळं परात गोल गोल फिरायची. नानांनी खाली ओलं फडकं घातलं. तरीही परात सरकली, कडेवरून गेली आणि पिठासकट अंगणात उपडी पडली. आई त्या पिठाकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. तोंड एका बाजूला ओढलं जायचं, त्यामुळं तिचं रडणं बघवत नव्हतं.

माझा तोल गेला. "बस झालं नाना! काय चालवलंय हे? तिला जमत नाही, दिसत नाही का तुम्हाला? माणूस आहे ती, तुमच्या विटा नाहीत. उद्यापासून येऊ नका."

 नाना उठले, शेगडी बंद केली, खाली ठेवली, फरशीचा तुकडा बाजूला केला आणि वरच्या थरातली एक वीट उचलली. दुसरी उचलली. तिसरीवर आईनं आपला डावा हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "इटा... ऱ्हाऊ दे."

झटक्यानंतरचं तिचं पहिलं वाक्य. आणि ते अहिराणीत होतं. आईचं माहेर शिंदखेड्याकडचं, पण माझे वडील कचेरीत नोकरीला होते, त्यांना घरात शुद्ध बोललेलं लागायचं. आईला अहिराणी बोलताना मी माझ्या आठवणीत कधीही ऐकलं नव्हतं. नानांनी हातातली वीट परत जागेवर ठेवली आणि तिलाच म्हणाले, "बरं बहीन." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

मी आत गेलो आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. बाहेर आलो तेव्हा वैशाली परात धूत होती. मी खाली बसून पीठ गोळा करू लागलो. नानांनी मला ते करू दिलं.

दुसऱ्या दिवशी ते कडप्पा घासणाऱ्या एका माणसाकडे दिवसभर जाऊन बसले. येताना ओट्याचा नवा दगड घेऊन आले. त्यात परातीच्या बुडाएवढी एक उथळ, गोल खाच घासून घेतली होती. परात तिच्यात ठेवली की फिरायची नाही, सरकायची नाही. विटांवर तो दगड टाकून नानांनी आईपुढं परात ठेवली आणि स्वतः लांब जाऊन बसले.

भाकरी काही तिला जमली नाही. एका हाताची भाकरी तव्यावर टाकताना मोडायची. तिनं तीन मोडल्या आणि मग पीठ वैशालीकडे सरकवलं. पण त्या खाचेकडे ती बघत राहिली. हिवाळा लागला होता, बाजारात भरताची हिरवी वांगी आली होती. आईनं फडताळाकडे हात केला. तिथं आमची लाकडी बडगी होती, भरीत कुटायचं खोलगट भांडं. वैशालीनं ती आणून खाचेत ठेवली. बरोबर बसली.

मी अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. आयुष्यात पहिल्यांदा. निम्मी कच्ची राहिली, ती पुन्हा भाजावी लागली. वैशालीनं सोलून दिली. आणि आईनं डाव्या हातानं मिरच्या, लसूण, वांगी कुटली. घामाघूम झाली, थांबली, पुन्हा कुटली. कांद्याची पात, शेंगदाणे, वरून फोडणी. कुणालाही हात लावू दिला नाही. अर्धा दिवस गेला असेल.

नानांच्या ताटात पहिलं वाढलं. त्यांनी घास घेतला, चावला, डोळे मिटून बसले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे.

"मीठ कमी शे," ते म्हणाले.

आणि आई हसली. अर्ध्याच तोंडानं, पण आवाज करून हसली. मग तिनं स्वतःच्या ताटात वाढून घेतलं, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

त्यानंतर सिमेंट आलं. आठ बाय नऊच्या त्या खोलीत नानांनी दोन ओटे बसवले. एक आईचा, बसका. एक वैशालीचा, तिच्या कोपराच्या मापाचा. जागा कुठून काढली? दार आत उघडायचं ते बाहेर उघडणारं केलं, दारामागचं फडताळ काढून भिंतीत कोनाडा घेतला. शेवटच्या दिवशी त्यांनी मलाही भिंतीशी उभं केलं.

"मी कशाला?"

"तुम्हले हात नहीत का?"

माझ्या कोपराखाली रेघ मारून त्यांनी दाराशी एक अरुंद फळी ठोकली. सकाळचा चहा आणि कोशिंबीर आता माझ्याकडे असते. वैशाली म्हणते, कांदा अजून जाड चिरला जातो.

आईचा हात काही परत आला नाही. बोलणं थोडं सुधारलं, तेही अहिराणीत जास्त. पण रोज एक पदार्थ तिचा, हे ठरून गेलं. कधी कढी, कधी डाळीचे फुनके, कधी नुसती चटणी. जेवायला बसल्यावर ती आधी आमच्या तोंडांकडे बघायची. त्या बघण्यासाठी मी नानांचा जन्मभर ऋणी आहे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेल्याचा निरोप त्या किराणा दुकानातूनच आला.

पण नानांची शेवटची आठवण म्हणून मला हा निरोप नको असतो. मला ओट्यानंतरचा तो उन्हाळा आठवतो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. घ्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मग चार दिवस झोके, आमरस, गाणी. आईचे दोन्ही भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आखाजीच्या दिवशी ती आमच्यासाठी पुरण घालायची आणि त्याबद्दल काही बोलायची नाही.

त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी दार वाजलं. नाना. धुतलेलं धोतर, डोक्यावर नवी टोपी, हातात सांजोऱ्यांचा डबा. थापीची पिशवी नव्हती. मी विचारलं, "नाना, कुठं काम निघालं का इकडे?"

त्यांनी मला बाजूला केलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याशी बसून कैऱ्यांना मीठ लावत होती.

"चाल बहीन," ते म्हणाले. "आखाजी शे. लेवाले उनू."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिनं हात पदराला पुसला. मग ओट्याकडे, कैऱ्यांकडे, वैशालीकडे बघितलं. "पन... सैपाक..."

"तठे तुले काहीच करनं नही," नाना म्हणाले. "तुन्ही भावजाई करी. तू नुसती बठ."

दुपारच्या गाडीला आम्ही त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. मी आधी म्हटलं होतं, थेट गावापर्यंत कारनं सोडतो. आईनं नकारार्थी मान हलवली होती. माहेरी ती गाडीनंच जायची. डब्यात चढवताना नानांनी तिला एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. खिडकीची जागा मिळाली. मी औषधांची पिशवी दिली, गोळ्या पुन्हा समजावून सांगितल्या, पाय लटकता ठेवू नकोस म्हटलं. तिचं लक्ष नव्हतं. गाडी हलली तेव्हा तिनं डाव्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वळून आमच्याकडे बघायचंही विसरून ती खिडकीतून पुढं, गाडी जात होती तिकडे बघत राहिली.